किती सोडलंय

सांगलीत ऑगस्टमध्ये कुणी 'कसं काय' विचारत नाही.
विचारतात, 'किती सोडलंय?'
आणि समोरचा कोयनेचा आकडा सांगतो,
हातातला चहा खाली न ठेवता.

आता मार्च आहे.
आयर्विन पुलाखाली कृष्णा गुडघाभर, धुण्यापुरती.
गावभागातल्या घराच्या वरच्या खोलीत मी
सूर्याच्या कडेला डोळा लावून बसले आहे,
पंधरा लाख किलोमीटरवरचा उसना डोळा.
खालच्या भिंतीवर एकोणीस सालची रेघ
तीन हात रंग देऊनही वर येते.

त्या डोळ्यापुढं एक चकती असते.
ती सूर्य झाकते, म्हणून सूर्याभोवतीचं दिसतं.
अण्णांना हे लगेच पटलं.
बत्तीस वर्षं पुलाची पट्टी वाचली त्यांनी, पाटबंधारे खात्यात.
'पाण्याकडं बघितलं की भोवळ येती.
दगडाकडं बघायचं.
पाणी कुठवर आलंय ते दगड सांगतोय.'

आईला नाही पटलं.
ती जन्मभर दिवस मावळायच्या आत जेवलेली.
'तिथं मावळतच नाही म्हणतीस,
मग त्या यंत्राला कळतं कसं, आता पुरे?'

दोन चौदाला उठलेली ज्वाळा
दोन बावीसला पोचली.
उजेड बातमीसारखा, लगेच येतो.
माल मागनं येतो.

चकतीच्या एका बाजूनं ढग निघाला असता
तर नुसती नोंद केली असती.
हा चहूकडून फुगला.
चकतीभोवती कडं, पांढरं, फाटकं,
दर चित्रात थोडं मोठं.
कडं दिसलं की समजायचं,
एक तर तो पाठ फिरवून चाललाय
नाहीतर तोंडावर येतोय.
ज्वाळा समोर होती.

'किती सोडलंय?' अण्णा जिन्यातून.
'सेकंदाला नऊशे किलोमीटर.'
ते पायरीवरच बसले, पेरं मोजत.
'परवा. जेवणाच्या वेळंला.'
माझ्या मॉडेलनं अकरा मिनिटं घेतली
आणि परवा सव्वाबारा सांगितले.

मग भुरभुर सुरू झाली.
ढगाच्या पुढं धावत आलेले कण
डोळ्यावरच आपटायला लागले.
ठिपके, रेघा, परत ठिपके.
जेव्हा सगळ्यात जास्त बघायचं होतं तेव्हाच
कुणी डोळ्यात रांगोळी फेकावी तसं.

अण्णांची एका पुरातली वही मी बघितली आहे.
दर तासाला आकडा, निळ्या शाईत, नीट.
पहाटे तीनसमोर:
पट्टी पाण्याखाली. वाचता आली नाही.
साहेब चिडले होते, अंदाजानं का नाही लिहिलं?
'अंदाज मला होता,' अण्णा म्हणाले,
'पट्टीला नव्हता.'

दोन दिवस पत्रं गेली,
वीजवाल्यांना, उपग्रहवाल्यांना.
एकच गोष्ट कुणाला सांगता येईना:
ढगाच्या पोटातलं चुंबक
उत्तरेला तोंड करून येतंय की दक्षिणेला.
दक्षिणेला असेल तर पृथ्वीची कडी आतून निघते.
ते कळतं यानापाशी आल्यावरच,
दारात यायच्या पाऊण तास आधी.
'म्हंजे आपल्या बोळासारखंच,' अण्णा म्हणाले.
'पाणी वळतंय का सरळ जातंय,
ते कोपऱ्यावर आल्याशिवाय नाही.'

परवा, बारा पन्नास.
उत्तर.
तासभर उत्तर, दुपारभर उत्तर.
उंबऱ्याला घासून गेला.
पंखा फिरत राहिला, नळाला पाणी आलं,
समोरच्या पिठाच्या गिरणीत कुणाला काही कळलं नाही.
'गेलं?'
'गेलं.'
अण्णांचं तोंड जरा उतरलं, मला वाटतं.
माझंही.

संध्याकाळी वही पुरी करायला बसले.
त्या चार तासांच्या जागी प्रोग्राम विचारतो,
मधली चित्रं अंदाजानं भरू का?
हो आणि नाही, दोन बटणं.
'नाही' दाबलं
आणि मराठीतच लिहिलं, वाचता आलं नाही.
बंगळूरचे विचारतील तेव्हा सांगू.

खालून आई: दिवस चाललाय,
तुझं ते न मावळणारं ठेव तिथंच,
भाकरी निवती.